आत्या, मधल्या चौकटीचं कापड मिळालं

आत्या, कापड मिळालं. आधी एवढं सांगून टाकते, बाकीचं मागून. माझ्या पोटात काही राहत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? एरवी गोदामातून सुटले की कशेळीला रिक्षात बसल्या बसल्या तुला फोन लावायचे, आणि घर येईपर्यंत दिवसभराचं सगळं सांगून व्हायचं. मग दारात आले की तू म्हणायचीस, "आता काय उरला हाय? गप जेव." रविवारी गोधड्या देऊन निघाले आणि सवयीने फोन काढून तुझ्या नावावर बोट ठेवलं. घरी फ्रीजवर तुझा फोन वाजत राहिला असणार. मी तो रोज चार्ज करून ठेवते, का ते विचारू नकोस.

तुला जाऊन महिनासुद्धा झाला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात लोक तुझ्याबद्दल भरभरून बोलले. प्रेमळ होती म्हणाले, कष्टाळू होती म्हणाले, कुणाला दुखवलं नाही म्हणाले. मी पहिल्या रांगेत बसून रडत होते आणि मनात म्हणत होते, अरे, हट्टी होती हे कुणीतरी सांगा. ते राहिलं म्हणून मला आता तुझ्याशी बोलावं लागतंय. आपलं भांडण अर्धवट पडलंय आणि तू निघून गेलीस. असं कुणी जातं का?

दिघाशीहून तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा मी नुकतीच गोदामात पॅकिंगला लागले होते. बाबांनी मोठ्या बहिणीला आतली खोली दिली आणि माझी खाट बाहेर आली, म्हणून मी आठवडाभर फुगून होते. तू एक ट्रंक, एक सुयांची डबी आणि दोन गोधड्या घेऊन आली होतीस. त्यातली एक माझ्या खाटेवर टाकलीस आणि म्हणालीस, "ही ओढ, मंग राग कर." ती ओढली आणि राग करायचा राहूनच गेला. पुढे तूच वस्तीतल्या बायका गोळा केल्यास. रविवारी विहाराच्या हॉलमध्ये सतरंज्या पडायच्या, जुन्या साड्यांची गाठोडी सुटायची, आणि ज्या घरावर काही वेळ आलेली असेल त्या घरासाठी गोधडी सुरू व्हायची. कुणाच्या घरात खाडीचं पाणी शिरलेलं असायचं, कुणी बाळंतीण नुसत्या फरशीवर निजलेली असायची. गोधडी फुकट द्यायची, नाव सांगायचं नाही, फोटो काढायचा नाही. एवढं सगळं मला मान्य होतं.

मान्य नव्हतं ते एकच. तुझी ती मधली चौकट.

वरच्या थराच्या मधोमध तू वीतभर जागा मोकळी ठेवायचीस. बाकीची गोधडी आपण आणलेल्या कापडांची, पण मधला तुकडा ज्यांना द्यायची त्यांच्याच घरातला पाहिजे. जुना परकर, उशीचा अभ्रा, फाटका सदरा, काहीही चालेल, पण त्यांचा. आणि तो मागायला तू स्वतः जायचीस. कशेळीच्या त्या घरी, जिथे पाणी ओसरून दोन दिवससुद्धा झाले नव्हते, तिथे चिखलात उभी राहून तू त्या बाईला विचारलंस, "बाय, घरातला एखादा जुना कापड देशील का?" मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. परतताना रिक्षात मी तुला फैलावर घेतलं. लोकांना मदत करायची की त्यांच्याकडून वसुली करायची, असं काहीतरी बोलले. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "त्यांचा कापड यात न्हाय, तर ती गोधडी आपलीच राहिली. त्यांच्या घरात आपली गोधडी कशाला?"

"गोधडी गोधडी असते आत्या. ऊब देते की नाही, झालं."

"ऊब काय, शेकोटी पन देते."

असं बोलून तू मला गप्प करायचीस आणि वर पदराने तोंड पुसायचीस. मला जाम राग यायचा. माझं काम असं की ऑर्डर आली, पॅक केली, गाडीत टाकली, पुढची घेतली. तुझ्या एका चौकटीपायी गोधड्या आठवडा आठवडा अडकून पडायच्या. मी म्हणायचे, तुला गोदामात ठेवलं तर पहिल्याच दिवशी काढून टाकतील. तू म्हणायचीस, बरा होईल, दुपारी झोपायला मिळेल.

आणि मग थंडी सुरू व्हायच्या सुमाराला पॉवरलूमच्या कारखान्यामागची कामगारांची चाळ जळली. वायरीने पेट घेतला. शिफ्टवरची माणसं लूम बंद करून धावली, म्हणून जीव सगळ्यांचे वाचले, पण खोल्यांत राखेशिवाय काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी अख्खी भिवंडी तिथे लोटली होती. कुणी भांडी आणली, कुणी पीठ-तांदूळ, कुणी कपड्यांच्या पिशव्या. आणि तू? तू हात हलवत गेलीस आणि पहिल्याच खोलीतल्या नसीमभाभीला तुझ्या त्या अगाध हिंदीत विचारलंस, "बेटी, तुम्हारा घर का कपडा हाय क्या? जुना चलेगा."

नसीमभाभीने स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. तिच्या अंगावर कुणीतरी दिलेला ढगळ कुडता होता, बाह्या दुमडून दुमडून घातलेला. ती म्हणाली, "अम्मा, कुछ नहीं बचा." मी तुझा दंड धरला आणि तुला ओढतच रस्त्यावर आणलं.

ते आपलं शेवटचं मोठं भांडण. मी म्हणाले, "आगीतून बाहेर पडलेल्या बाईकडे कापड मागतात का? तिच्या अंगावरचं कापडसुद्धा तिचं नाही गं."

तू म्हणालीस, "म्हनूनच."

म्हणूनच काय? पुढे? तुला ही फार वाईट खोड होती, एका शब्दावर थांबायची. मी रस्ताभर विचारत राहिले आणि तू भाजीवाल्याकडे वळलीस. त्या दिवसापासून तू त्या चाळीच्या गोधड्या शिवायला घेतल्यास आणि प्रत्येकीची चौकट मोकळी सोडलीस. मी म्हणायचे, आता तरी नियम गुंडाळून ठेव, थंडी सरेल. तू म्हणायचीस, बघू. आपल्या शिवणाऱ्या बायकांतली पुष्पाकाकी म्हणायची, अगं शेवंता, जळलेल्या घरातून कापड कुठून येनार? तू म्हणायचीस, येल. हॉलच्या कपाटात गोधड्यांची चळत वाढत गेली, सगळ्यांच्या पोटात भोक.

त्या सकाळी तू सुईत दोरा ओवून दे म्हणालीस. मी ओवून दिला आणि ड्युटीला निघाले. गेटवर कार्ड दाखवत होते तेव्हा बाबांचा फोन आला. बाकी काही लिहीत नाही. त्या दिवशी तरी आपण भांडलो नव्हतो, याचा मला फार आधार वाटतो.

दहा-बारा दिवसांनी पुष्पाकाकीने कपाट उघडलं आणि सरळ म्हणाली, "वैशू, आता वाट नको बघू. शेवंताचा एखादा लुगडा काढ, त्याचे तुकडे सगल्यांच्या मधी लावू. तिची आठवन राहील." सगळ्या बायकांचे डोळे भरले. मलाही ते इतकं पटलं की मी धावत घरी गेले, तुझं जांभळं लुगडं काढलं, हॉलमध्ये आणून पसरलं आणि कात्री हातात घेतली. आणि हात चालेना. तू साध्या फोटोतसुद्धा कडेला उभी राहायचीस, अर्धी कापली जायचीस. तू परक्यांच्या गोधडीत मधोमध बसायला तयार झाली असतीस का? "माझा कापड कशाला त्यांच्या उरावर?" हे मला इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी लुगड्याची घडी घातली. बायकांना वाटलं मला रडू आवरेना. रडू होतंच, पण जास्त करून चीड होती. आत्या, तू मेल्यावरसुद्धा नियम सोडायला देत नव्हतीस.

मग मी नसीमभाभीकडे गेले. काय मागायचं ते ठरलं नव्हतं. चाळ अजून उभी राहिलेली नाही. ती माणसं कारखान्याच्याच वरच्या माळ्यावर राहतात. खाली लूमचा खडखडाट इतका की कानात तोंड घालून बोलावं लागतं. नसीमभाभी खाली लूमजवळच भिंतीला टेकून कांड्या भरत होती, म्हणजे धोट्यात घालायच्या त्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळत होती. मी ओरडून विचारलं, "भाभी, कुछ भी नहीं बचा? रूमाल? थैली?" तिने मान हलवली. मी तिथेच बसकण मारली. समोर तिचा नवरा, इसरारभाई, लूमवर उभा होता आणि त्याच्या पुढ्यात कापड सरकत होतं, पांढुरकं, कोरं, इंच इंच. मी बघत राहिले. किती वेळ बघत होते कोण जाणे. मग माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं.

मी भाभीचा हात धरून ओरडले, "ये कपड़ा किसका है?"

"सेठ का," ती म्हणाली.

"नहीं, नहीं, बनाया किसने?"

ती हसायला लागली, की ही बाई खुळी झाली. "बुना इन्होंने. बाना मेरा भरा हुआ है. और किसका होगा?" बाना म्हणजे त्या कांड्यांवरचं आडवं सूत.

आत्या, मी टुणकन उडी मारली गं, खरंच. माझ्या पायाने कांड्यांची टोपली लवंडली. आपण त्यांच्या घरात कापड शोधत होतो. त्यांचं कापड तर रोज त्यांच्या हातातून निघत होतं, आणि अख्ख्या देशात जात होतं. माझ्याच गोदामात येऊन माझ्याच हाताने पॅक होत असेल. भिवंडीत जन्मले, भिवंडीत वाढले, लूमच्या आवाजात झोपले, आणि हे मला सुचायला तुला जावं लागलं.

आता पुढची गंमत ऐक. मी तशीच मुकादमाकडे गेले. गळ्यात माझं गोदामाचं कार्ड होतं. ते बघून इसरारभाईला वाटलं, ही कंपनीची बाई, माल चेक करायला आली. तो लूम थांबवून मागे मागे आला आणि आधीच सांगायला लागला, "मैडम, उस दिन धागा टूटा था, मैंने उसी टाइम बता दिया था." मुकादमाला वाटलं तक्रार आली. त्याने माझ्यासाठी चहा मागवला. मी म्हटलं, तक्रार नाही, मला इसरारभाईच्या लूमचं वीतभर कापड पाहिजे. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि एका स्वच्छ ताग्यातून तुकडा फाडायला घेतला.

"ये किसके लूम का है?"

"क्या फ़र्क़ पड़ता है मैडम? सब एक ही क्वालिटी है."

"इनके लूम का दीजिए."

"उसका तो डैमेज का टुकड़ा पड़ा है. धागा टूटने से लाइन आई हुई है."

"वही दीजिए."

"अच्छा छोड़के ख़राब कौन लेता है?"

"हमारी आत्या लेती," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही, पण त्याने तुकडा दिला. आणि मग मी चाळीतल्या एकेका माणसाचं नाव घेऊन एकेकाच्या लूमचा तुकडा मागत सुटले. मुकादमाने चहाचा दुसरा कप मागवला नाही. एक जण लूमवाला नव्हता, गाठी उचलणारा हमाल होता. त्याचा गमछा आगीच्या वेळी त्याच्या डोक्याला होता, म्हणून वाचला होता. त्याने त्याचं टोक स्वतः फाडून दिलं.

पुढे मी घोळ घातला, तोही सांगते, नाहीतर पुष्पाकाकी वर येऊन तुला सांगेल. त्याच रविवारी मी सगळ्यांना कामाला लावलं. चौकटी भराभर बसल्या, धावदोरे पडले, आणि मी गोदामातल्यासारखी हाका मारत फिरत होते. संध्याकाळी नसीमभाभीची गोधडी तयार. म्हटलं, एकदा धुऊन, वाळवून मस्त करून देऊ. धुतली. वाळली आणि बघते तर मधली चौकट आकसून गोळा झालेली, आजूबाजूची गोधडी तिच्याकडे ओढली गेलेली, सगळीकडे सुरकुत्या. आत्या, कोरं कापड. लूमवरून आलेलं, खळ लागलेलं. आपण आयुष्यभर जुन्या साड्या शिवल्या, शंभरदा धुतलेल्या, त्या कशाला आटतील? कापडाच्या गावात राहून आमच्यातल्या एकीलाही सुचलं नाही की कोऱ्याला आधी पाणी दाखवायचं असतं. पुष्पाकाकी डोक्याला हात लावून बसली आणि मग आम्ही सगळ्या हसत सुटलो. तू गेल्यानंतर हॉलमध्ये आम्ही पहिल्यांदा हसलो. मग बसून सगळ्या चौकटी उसवल्या, तुकडे भिजत घातले, उन्हात वाळवले आणि पुन्हा शिवल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पॅकिंग झाला का मॅडम?"

नसीमभाभीच्या गोधडीत तुझे टाके तसेच आहेत. तुझे तिरके, माझे सरळ. मला ते उसवायचा धीर झाला नाही आणि गरजही नव्हती.

आणि रविवारी आम्ही गेलो. थंडी अजून आहे, आत्या, सरली नाही, आपण वेळेत पोचलो. माळ्यावर त्यांनी आमच्यासाठी चटई टाकली होती. तुझ्या पद्धतीप्रमाणे मी प्रत्येक गोधडीचं एक टोक उघडं ठेवलं होतं, सुई अडकवलेली, शेवटचे टाके घरच्या माणसाने घालायचे म्हणून. नसीमभाभीने गोधडी पसरली. इसरारभाई लांब उभा होता. मग जवळ आला, वाकला, आणि मधल्या पांढऱ्या चौकटीवरून बोट फिरवत त्या लाइनपाशी थांबला. "ये तो मेरा है," तो म्हणाला. बायकोला म्हणाला, "देख, वही धागा." आणि हसला. मी त्या माणसाला पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्याने सुई बायकोच्या हातून घेतली आणि शेवटचे टाके स्वतः घातले, चांगले घट्ट. भाभी म्हणाली, "बस करो, लूम नहीं है."

निघताना तिने विचारलं, "वो अम्मा नहीं आईं?"

मी सांगितलं. ती गोधडीची घडी घालत घालत म्हणाली, "उस दिन सब देने आए थे. सुबह से हाथ फैला फैला के थक गए थे हम. एक वही थीं जो माँगने आईं. मैंने इनसे कहा भी था, किसी को तो लगता है कि हमारे पास अब भी कुछ होगा."

आत्या, मी तिथे उभी होते आणि मला तुझं "म्हनूनच" ऐकू आलं. रस्त्यावर, भाजीवाल्याच्या आधी, अर्ध्यावर सोडलेलं. मी तुला इतकी वर्षं सांगत होते की मागून तू लोकांना लाजवतेस. तू मागून काय देत होतीस ते मला कळलंच नाही, आणि तू समजावलंही नाहीस, बाई. जिंकलीस तू. घे, लिहून देते, जिंकलीस. तुझ्यासमोर म्हणायला मिळालं असतं तर तू पदराने तोंड पुसून म्हणाली असतीस, "आता जेव." ते ऐकण्यासाठी मी आणखी शंभर भांडणं हरायला तयार आहे.

एवढंच सांगायचं होतं. पण काल संध्याकाळी आणखी एक झालं. ड्युटीवरून आले तर पुष्पाकाकी दारात उभी. काखेत एक अर्धवट शिवलेली गोधडी, मध्ये चौकट मोकळी. मी म्हटलं, ही कुणासाठी, चाळीच्या तर सगळ्या देऊन झाल्या. ती चपला काढून आत आली, पाणी मागितलं, प्यायली. मग म्हणाली, "वैशू, तुझ्या घरातला एखादा जुना कापड देशील का?"

मला एक क्षण कळलं नाही. मग कळलं, ही गोधडी आमच्यासाठी होती. या खेपेला वेळ आमच्या घरावर आली होती. पण आत्या, मला लाज वाटली नाही. अजिबात नाही. उलट इतके दिवस हात रिकामे रिकामे वाटत होते, ते भरल्यासारखे झाले. मी कपाट उघडलं, तुझं जांभळं लुगडं काढलं आणि तिच्या हातात दिलं. म्हटलं, काकी, याला पाणी दाखवायला नको. आत्याने हे खूप धुतलंय.